सायकलवरची पलटण

मंडळी, सायकल ही आपल्या घरादारातली वस्तू. खेड्यापाड्यांत ती टपालवाल्याबरोबर आली, गुरुजींनी रोजच्या वापरात घेतली, दूधवाल्याने दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून पहाटेच्या अंधारात हाकली. हिला वैरण नको, चंदी नको. वंगणाचे दोन थेंब आणि चाकांत हवा एवढे मिळाले की ती खूश. मग अशा सायकलीविषयी आता नवीन ते काय सांगणार, असे तुम्ही म्हणाल. पण आज ज्या सायकलींची हकीकत मी सांगणार आहे, त्यांच्यावर बसून वीस शिपाई बंदुका, काडतुसे, राहुट्या आणि शिधा घेऊन १,९०० मैल गेले होते. ही गोष्ट अमेरिकेतली, १८९७ सालची.

१,९०० मैल म्हणजे सुमारे ३,०६० किलोमीटर. नुसता आकडा ऐकून त्याचा अंदाज येत नाही. म्हणून असे समजा, की मुंबईहून निघून नागपूरमार्गे थेट कोलकात्याला जायचे, आणि तिथून परत फिरून जवळजवळ नागपूर गाठायचे. आणि हे सारे डांबरी सडकेवरून नव्हे, बरं का. बैलगाडीच्या चाकोऱ्या, चिखल, वाळू, डोंगर आणि मधून मधून आगगाडीचे रूळ, असा तो रस्ता होता.

हे शिपाई कोण होते, हे आधी सांगायला हवे. कारण त्यावाचून या गोष्टीचे मर्म कळायचे नाही. अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली. त्यानंतर तिथल्या लष्करात काळ्या शिपायांच्या काही वेगळ्या पलटणी ठेवण्यात आल्या. त्यांतलीच एक पायदळाची २५ वी पलटण. ती १८६९ साली उभी राहिली. शिपाई सगळे काळे, वरचे अधिकारी मात्र गोरे. वस्तीपासून दूर, उजाड मुलखातली ठाणी सांभाळण्याचे काम या पलटणींच्या वाट्याला येई. १८८८ पासून २५ व्या पलटणीच्या काही तुकड्या माँटाना राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीतल्या मिसूला येथील किल्ल्यावर होत्या. आमची गोष्ट त्या किल्ल्यावरून सुरू होते.

त्या काळात सायकल ही नवलाईची वस्तू होती. दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास निघाली. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली धाव तयार केली, आणि मग युरोप-अमेरिकेत सायकलीची नुसती लाट उसळली. लष्करातल्या लोकांनाही प्रश्न पडला : घोड्याच्या जागी हे यंत्र चालेल काय? घोड्याला दाणापाणी लागते, तो आजारी पडतो, नेमक्या नको त्या वेळी खिंकाळतो. सायकलीला यातले काहीच नाही. अमेरिकन सैन्याचे तेव्हाचे सरसेनापती नेल्सन माइल्स या कल्पनेला अनुकूल होते. मिसूलाच्या किल्ल्यावर जेम्स मॉस नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. १८९४ साली तो लष्करी विद्यालयातून बाहेर पडला तो वर्गात शेवटचा नंबर घेऊन! त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली, आणि १८९६ च्या उन्हाळ्यात आठ शिपायांची सायकल-तुकडी उभी राहिली. सायकली स्पाल्डिंग नावाच्या कंपनीने पुरवल्या.

या आठांची कवायत ऐकण्यासारखी आहे. सायकलीसकट नऊ फुटी कुंपण ओलांडायचे. ओढा आडवा आला तर सायकल काठीला टांगून दोघांनी ती खांद्यावरून पलीकडे न्यायची. त्या ऑगस्टात ते आधी जवळच्या एका डोंगरी तळ्यापर्यंत जाऊन आले. ती फेरी १२६ मैलांची. मग ते यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेले, आणि परत आले. तिथल्या उन्हाळ्यांच्या चुनखडीच्या पांढऱ्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या या शिपायांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

हे जमल्यावर मॉसने मोठा बेत केला : मिसूलाहून मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरापर्यंत. हाच मार्ग का? तर त्यावर डोंगर आहेत, पठार आहे, वाळू आहे, थंडी आहे आणि कडक ऊनही आहे. परीक्षा घ्यायची तर पुरी घ्यावी, असा त्याचा हिशेब. आपण होऊन पुढे आलेल्या शिपायांतून वीस जण निवडले. बरोबर स्वतः मॉस, जेम्स केनेडी नावाचे लष्करी डॉक्टर, आणि एडवर्ड बूस हा मिसूलाच्या वर्तमानपत्राचा बातमीदार. बूसचे वय होते अवघे एकोणीस. शिपायांत सर्वांत वडील मिंगो सँडर्स. हा सार्जंट होता, वय ३९. त्याचा जन्म दक्षिण कॅरोलायना राज्यातला, म्हणजे तो जन्मला तेव्हा तिथे गुलामगिरी कायदेशीर होती. जॉन फिंडले हा शिपाई शिकागोच्या सायकल कारखान्यात काम केलेला. म्हणून दुरुस्तीचे खाते त्याच्याकडे.

१४ जून १८९७ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास ही मंडळी निघाली. आता त्यांचा एक दिवस आपण डोळ्यांपुढे आणू या. तो अमुक एका तारखेचा नव्हे. मॉसच्या लिखाणात आणि बूसच्या बातम्यांत वाटचालीची जी वर्णने आहेत, ती मी एका दिवसाच्या सुतात ओवून दाखवतो, इतकेच.

पहाट झाली की पहिले काम राहुट्या उतरवण्याचे. इथे एक गंमत आहे. प्रत्येक शिपायाजवळ राहुटीचा अर्धाच भाग असे. दुसरा अर्धा जोडीदाराजवळ. संध्याकाळी दोघांनी आपापले अर्धे कापड एकमेकाला जोडायचे तेव्हा कुठे एक राहुटी उभी राहायची आणि दोघांच्या डोक्यावर छप्पर यायचे. एकटा शिपाई आपल्या अर्ध्या कापडात रात्र काढू म्हणेल तर जमायचे नाही. सकाळी पुन्हा ती सोडवायची, घोंगडीबरोबर गुंडाळायची, आणि वळकटी हँडलला समोर बांधायची. सायकलीच्या मधल्या सांगाड्यात एक पेटी बसवलेली. तिच्यात शिधा आणि किडूकमिडूक सामान. शिवाय बंदूक आणि पन्नास काडतुसे. सामानासकट एका सायकलीचे वजन सरासरी ५९ पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो भरे. सपाटीवर हे वजन कळत नाही. चढ लागला की मात्र कळते, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागली की फारच कळते!

न्याहारीला कॉफी, पाव आणि खारवलेले मांस. शिधा दोन दिवसांपुरताच बरोबर. पुढचा शिधा आगगाडीने आधीच धाडून ठेवलेला. साधारण शंभर-शंभर मैलांवरच्या ठिकाणी तो वाट पाहत असे. व्यवस्था कागदावर फार चांगली. पण मध्येच पाऊस लागला आणि दोन दिवसांच्या वाटेला तीन दिवस लागले, म्हणजे तिसऱ्या दिवशी पोटाला चिमटा. आणि असे घडले, बरं का. निघाल्यापासून पहिल्याच दिवसांत पावसाने त्यांना गाठले.

त्या मुलखातल्या चिखलाला तिथले लोक ‘गंबो’ म्हणतात. आपल्या मराठवाड्यातल्या किंवा वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्याचे वर्णन सांगायला नको. पहिल्या पावसानंतर काळ्या रानातून सायकल न्यायचा प्रयत्न ज्याने केला आहे, त्याला ठाऊक आहे : चार पावले जात नाही तोच धाव आणि चिमटा यांच्यामध्ये चिखल असा ठासून बसतो, की चाक फिरायचे नाव घेत नाही. मग काडीने तो कोरून काढायचा, पुन्हा चार पावले चालायचे, पुन्हा कोरायचा. असल्या वेळी सायकल माणसाला वाहून नेत नाही, माणूसच सायकलीला वाहून नेतो. मग वाट सोडून ते रुळांवर चढत. रुळांखालच्या स्लीपरांवरून सायकल चालवणे म्हणजे दर हाताला एक दणका. जिथे तेही अशक्य, तिथे उतरून ढकलायचे. रॉकी पर्वताचा माथा त्यांनी ओलांडला तो जून महिना. पण वर थंडी होती, बर्फ होते.

डोंगर उतरून ते पठारावर आले. वाटेत लिटल बिगहॉर्न नदीकाठची रणभूमी लागली. तिथे १८७६ साली मूळ रहिवासी लोकांनी अमेरिकन सैन्याचा पुरता पराभव केला होता. पुढे वायोमिंग राज्य, आणि त्यानंतर नेब्रास्का. तिथे वाळूच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. आधी चिखल होता, आता वाळू आली. गाडीवाटेवर चाक रुतून बसे. म्हणून सुमारे १७० मैल त्यांना पुन्हा आगगाडीचे रूळच धरावे लागले. दुपारी ऊन ११० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने ४३ अंशांवर जाई. अशा वेळी विसावा घ्यायचा तर सावलीला झाड नाही.

आणि पाणी? वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना हे दुःख चांगले कळेल. पाणी दिसते, पण पिववत नाही. नेब्रास्कातले पाणी असेच क्षाराचे होते. ते पिऊन शिपाई आजारी पडले. खुद्द मॉस इतका आजारी झाला, की अलायन्स नावाच्या गावी त्याला मागे ठेवावे लागले. तोपर्यंत डॉक्टर केनेडींनी तुकडी पुढे नेली. एका शिपायाला वाटेतूनच परत पाठवावे लागले. बाकीचे चालत राहिले. चालत म्हणजे कधी सायकलीवर बसून, कधी सायकल शेजारी घेऊन.

दिवस मावळतीला आला की पाणी आणि सरपण पाहून मुक्काम धरायचा. इथे कामाची वाटणी असे. कुणी चूल मांडायची, कुणी राहुट्या ठोकायच्या. फिंडले हत्यारे काढून बसे : कुणाचे पंक्चर, कुणाचे आरे सैल, कुणाचे पायडल वाकलेले. सारा दिवस सगळ्यांबरोबर सायकल मारून झाल्यावर याचे खरे काम सुरू व्हायचे. इतर जण अंग टाकत तेव्हा हा उद्याची सोय करत असे. तिकडे तो पोरसवदा बूस बातमी लिहून पुढच्या तारघराची किंवा टपालाची वाट पाही. मग जोडीदाराबरोबर अर्धी-अर्धी राहुटी जोडून झोपायचे. पाऊस आला तर ओल्यात झोपायचे.

असे ४१ दिवस. विश्रांतीचे आणि अडकून पडलेले दिवस धरूनही सरासरी पडते दररोज ४६ मैल, म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर. आजही गिअरच्या हलक्या सायकली घेऊन, डांबरी रस्त्यावरून रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर करणारी तरुण मंडळी आपल्याकडे आहेत, आणि ती काही कमी दमत नाहीत. त्यांनाच विचारून पाहा.

वाटेवर माणसे कशी भेटली? पुष्कळ गावांत लोक कौतुकाने जमत. सायकलवरचे सैन्य हा अपूर्व देखावा होता. पण मिसूरी राज्यात शिरल्यावर हवा बदलली. मिसूरी हे पूर्वीचे गुलामगिरीचे राज्य. युद्ध संपून बत्तीस वर्षे झाली होती, तरी काहींच्या मनातून ते संपले नव्हते. कुठे कुठे शेतात मुक्कामाला जागा मिळायची मुश्किल. अंगावर देशाचा गणवेश आहे, पायांत दीड हजार मैलांहून अधिक वाट आहे. तरी शेतमालक पाहतो तो चामडीचा रंग. याची फोड आपल्याकडच्या माणसाला वेगळी करून सांगायला नको. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९६ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांसाठी आगगाडीचे वेगवेगळे डबे ठेवणे घटनेला धरून आहे, असा निकाल दिला होता. त्या देशातून हे वीस जण चालले होते.

२४ जुलै १८९७ च्या संध्याकाळी तुकडी सेंट लुईसला पोचली. शहरातले शेकडो सायकलस्वार त्यांना सामोरे आले आणि मिरवत आत घेऊन गेले. फॉरेस्ट पार्क नावाच्या मोठ्या बागेत छावणी पडली. हजारो लोक पाहायला लोटले. शिपायांनी कवायत करून दाखवली. आणि मग सायकली आगगाडीत घालून सगळे परत मिसूलाला गेले.

आता विचार करा, परीक्षा कुणाची होती? सरकारी कागदावर ती सायकलीची होती. धाव टिकली का, चिमटा वाकला का, वेग किती पडला, घोड्याच्या मानाने खर्च किती वाचला, हे प्रश्न. मॉसचे मत असे, की यंत्र उपयोगी आहे, लष्कराने ते घ्यावे. पण चिखलातून, वाळूतून आणि डोंगरावरून या सायकली सेंट लुईसला आल्या, त्या काही आपल्या गुणाने आल्या नाहीत. जिथे यंत्र अडले, तिथे माणसाने ते उचलले. परीक्षा सायकलीची होती आणि ती दिली माणसांनी. मॉसने आपल्या शिपायांच्या चिकाटीची तारीफ केली, हे खरे. पण लष्कराने त्यातून काही धडा घेतला असे दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १८९८ साली, अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. २५ वी पलटण क्यूबात गेली, आणि १ जुलै १८९८ रोजी एल केनी येथे लढली. सायकलीचा प्रयोग तिथेच थांबला. त्यानंतर मोटारीचे युग आले.

आणि मिंगो सँडर्सचे काय झाले? हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १९०६ साली पलटणीच्या काही तुकड्या टेक्सास राज्यात ब्राउन्सव्हिल येथे होत्या. ऑगस्टमधल्या एका रात्री गावात गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. गावकऱ्यांनी काळ्या शिपायांवर बोट ठेवले. ‘त्या वेळी शिपाई बरॅकीत होते’ असे त्यांचे गोरे अधिकारीही सांगत होते. तरी कुणी गुन्हा कबूल करीत नाही, एवढ्या कारणावरून, कसलाही खटला न चालवता, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हुकमाने १६७ शिपायांना एकदम बडतर्फ करण्यात आले. त्यांत मिंगो सँडर्स होता. पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी झालेली, पेन्शन हाताच्या अंतरावर आलेले. ते गेले. अर्ज-विनंत्या झाल्या, सिनेटमध्ये चौकशी झाली. पलटणीत परतायला त्याला मिळाले नाही. १९२९ साली तो वारला. १९७२ साली अमेरिकन लष्कराने हा अन्याय मान्य केला आणि त्या सर्वांची बडतर्फी रद्द करून नोकरी सन्मानाने संपली अशी नोंद केली. तोवर सँडर्सला जाऊन ४३ वर्षे लोटली होती.

१९७४ साली माँटानातल्या काही तरुणांनी मिसूला ते सेंट लुईस हा मार्ग पुन्हा सायकलीने तुडवला. २०२२ साली, सव्वाशे वर्षे पुरी झाली तेव्हाही ही वाट पुन्हा एकदा सायकलीवरून पार झाली. आता त्या मार्गावर काही ठिकाणी त्यांच्या आठवणीचे फलक आहेत.

शिक्षक मंडळींना एक विनंती. वर्गात अमेरिकेचा नकाशा टांगाल तेव्हा मिसूलापासून सेंट लुईसपर्यंत मुलांकडून एक रेघ ओढून घ्या. वाटेत रॉकी पर्वत, पिवळसर गवताचे पठार, वाळूच्या टेकड्या, मिसूरी नदी, सगळा भूगोल आपोआप येईल. मैलांचे किलोमीटर करताना गणित येईल. आणि मग मुलांना विचारा : या प्रवासाचे पुढारी लेफ्टनंट मॉस यांचे नाव लष्कराच्या दप्तरात राहिले, ते पुढे लष्करी पुस्तकांचे लेखक म्हणून नावाजले, पण रात्री कंदिलाच्या उजेडात सगळ्यांची पंक्चरे काढणारा जॉन फिंडले आपल्याला कसा कळला? तर तुकडीच्या नोंदीत कुणीतरी त्याचे नाव आणि काम लिहून ठेवले म्हणून. आणि रोजची वाट कशी कटली, हे आज आपण सांगू शकतो, कारण एकोणीस वर्षांचा एक मुलगा तंबूपाशी बसून रोजचे रोज लिहीत होता.

आपल्या गावातही शाळा बांधताना दगड वाहिलेली माणसे असतील, दुष्काळात तलाव खोदलेली असतील, वर्षानुवर्षे पावसाचिखलातून टपालाची पिशवी सायकलीला लावून हिंडलेले कुणी असतील. कोनशिलेवर त्यांची नावे नसतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती अजून आहेत. दहा-पंधरा वर्षांनी नसतील. एक वही करावी, मुलांना दोन-दोनच्या जोडीने घरोघर पाठवावे, आणि नाव, साल, केलेले काम एवढे तरी उतरवून घ्यावे. वहीला खर्च फारसा नाही.